जुनी एफआय बाईक सकाळी रुसते? इंजेक्टर उघडण्याआधी या चुका टाळा

कार्बोरेटरच्या गाड्यांनी आपल्या हातांना काही सवयी लावून ठेवल्यात. चोक ओढा, रेस पिळा, चार किक मारा, नाहीच झाली तर प्लग काढून फडक्याने पुसा. एफआयवर, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीवर, हेच प्रयोग केले तर गाडी चालू व्हायची राहते आणि बॅटरी मात्र उतरते.

2006 ची ग्लॅमर एफआय, तिच्यामागून आलेली पल्सर 220 डीटीएस-एफआय, 2008 ची आर15, 2009 ची क्लासिक 500, 2011 ची सीबीआर 250आर. आपल्याकडची एफआयची ही पहिली फळी आता चांगलीच वयात आली आहे. मुंबईत यातल्या कितीतरी गाड्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये कव्हरखाली उभ्या दिसतात, मालक रविवारी काढतो तेवढ्याच. अशा गाडीत इंजेक्शनची यंत्रणा बहुतेक वेळा शाबूत असते. बिघडलेली असते ती तिला मिळणारी वीज, नाहीतर पेट्रोल. म्हणून माझं सरळ मत आहे की इंजेक्टरला हात सगळ्यात शेवटी लावावा. गॅरेजमध्ये बऱ्याचदा तोच पहिला निघतो, कारण क्लिनिंगचं वेगळं बिल लावता येतं.

चावी फिरवली की लगेच सेल्फ मारणे

चावी ऑन करा, किल स्विच रनवर ठेवा आणि थांबा. टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूं… असा आवाज येऊन बंद पडला पाहिजे. टाकीतला पेट्रोलचा पंप लाईनमध्ये प्रेशर भरतोय त्याचा हा आवाज. समोरून बेस्टची बस जात असेल तर टाकीला कान लावा. त्याच वेळी मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का, हे बघा. काही गाड्यांत तो थोड्या वेळाने विझतो, काहींत इंजिन चालू झाल्यावर.

दिवाही नाही आणि पंपाचा आवाजही नाही, तर ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरपर्यंत, करंटच पोचत नाही असं धरा. फ्यूज, मेन रिले, किल स्विच या क्रमाने बघा. दिवा लागतो पण पंप गप्प आहे, तर पंपाचा रिले किंवा कनेक्टर. दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल तर उत्तमच, गाडी स्वतःच आजार सांगतेय. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. सात छोट्या आल्या तर कोड 7, म्हणजे इंजिनच्या तापमानाचा सेन्सर. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा.

पंप वाजतो, सेल्फही मस्त फिरतो, तरी रात्रभर उभी राहिलेली गाडी चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावरच पकडते? मग सेल्फला हात न लावता चावी ऑन करा, पंप थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता एका दमात चालू झाली तर उभ्या गाडीत लाईनचं प्रेशर उतरतंय. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), पंपाच्या ओ-रिंग, किंवा टपकणारा इंजेक्टर, यांपैकी कुठेतरी गळती आहे. या गाड्यांचं प्रेशर साधारण अडीच ते तीन बार असतं. मेकॅनिकला प्रेशर गेज लावून बघायला सांगा, आणि चावी बंद केल्यावर काटा किती वेगाने उतरतो तेही बघायला सांगा.

सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक, असं समजणे

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. सेल्फची मोटर कमी व्होल्टेजवरही कण्हतकुंथत फिरत राहते, पण ईसीयू तसं चालवून घेत नाही. सेल्फ दाबल्यावर व्होल्टेज फार खाली गेलं की तो रिसेट होतो. मग स्पार्क नाही, इंजेक्टरचा सिग्नल नाही, आणि आपण नुसतं इंजिन घुमवत बसतो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या वर आकडा हवा, 12.2 म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. खरी परीक्षा पुढे. प्रोब टर्मिनलवर धरून दुसऱ्या कुणालातरी सेल्फ दाबायला सांगा. आकडा 10 च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे, मग ती उभ्याने 12.6 दाखवत असली तरी. गाडी चालू झाली की चार-पाच हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरीही महिन्याभरात झोपेल, आधी चार्जिंग बघा.

आकडे बरोबर आहेत आणि तरीही सेल्फ सुस्त? एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि सेल्फ दाबा. 0.3 व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची जोडणी, खराब आहे. माहीमला समुद्राकडच्या बाजूला राहणाऱ्या एका मित्राच्या अडीचशे सीसीला गॅरेजवाल्याने ईसीयू बदलायला सांगितला होता. बॅटरीमागचा अर्थिंगचा बोल्ट काढला तर वायरच्या टोकाच्या लगखाली (धातूच्या कडीखाली) हिरवी बुरशीसारखी भुकटी जमलेली, लग बोटानेच तुटला. पॉलिश पेपर, नवा लग, वरून व्हॅसलीनचा हात, एवढ्यात काम झालं. खाऱ्या हवेच्या शहरात हा बोल्ट दर पावसाळ्यानंतर उघडून बघावाच.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. हेडलाईटला स्विच असेल तर चालू करताना तो बंद ठेवा, 55 वॅटचा बल्ब चार-साडेचार अँपिअर खातो. बॅटरी पूर्ण मेलेली असताना धक्का मारण्यात बहुतेक गाड्यांत अर्थ नाही, कारण पंपाला आणि ईसीयूला करंट कुठून मिळणार? आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी युक्ती तर विसराच. तेवढ्या एका झटक्यात ईसीयू जाऊ शकतो.

पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलवर विश्वास ठेवणे

आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. रबरी सील आणि ओ-रिंगांवर त्याचा परिणाम होतो तो हळूहळू. पावसाळ्यात याहून तातडीची अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. गाडीच्या पंपाचं तोंडही तळाशीच.

हे पाणी बऱ्याचदा झाकणातून येतं. टाकीच्या झाकणाभोवती खाच असते, तिच्यात एक बारीक भोक असतं. खाचेत पडलेलं पावसाचं पाणी त्यातून एका नळीने खाली निघून जातं. ते भोक चिखलाने बुजलं की पाणी झाकणावर तळं करून राहतं आणि जुन्या कडक झालेल्या रबरातून आत उतरतं. बारीक तार घाला, मग त्यात थोडं पाणी ओतून गाडीखालच्या नळीतून पडतंय का बघा. पडलं नाही तर कारण सापडलं.

शंका असेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा; त्यावर ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. हे काम उघड्या हवेत करा, विडी-सिगारेट लांब. आणि रिझर्व्हवर फिरवायची सवय सोडा. पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो.

रेस देत चालू करणे

एफआयला चालू होताना किती हवा-पेट्रोल द्यायचं ते ईसीयू ठरवतो. आपण मूठ पिळली की थ्रॉटलचा सेन्सर त्याला भलतंच काहीतरी सांगतो. मूठ सोडून सेल्फ मारा. अपवाद एकच: सतत सेल्फ मारून पेट्रोल ओव्हर झालं असेल, प्लग ओला येत असेल, तर बऱ्याच गाड्यांत मूठ पूर्ण पिळून सेल्फ मारल्यावर ईसीयू पेट्रोल तोडतो आणि सिलिंडर सुकतो.

प्लग बदलताना नंबर तोच घ्या आणि त्यातलं आर हे अक्षर सोडू नका. तो रेझिस्टरवाला प्लग असतो. साधा लावला तर त्याच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू गडबडू शकतो.

थंड गाडी चालू होत नाही पण गरम झाल्यावर लगेच होते, किंवा नेमकं उलटं, तर तापमानाचा सेन्सर तपासा. इंजिन तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे. आकडा एकाच जागी अडकला तर तो गेला. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात, काजळी धरली असेल तर स्प्रेने साफ करा, पण थ्रॉटलच्या सेन्सरचे स्क्रू आणि रंग लावून सील केलेला स्टॉप स्क्रू फिरवू नका. तो एकदा हलला की आयडलिंगच्या मागे लागण्यात शनिवार जातो.

साईड स्टँड आणि क्लचचा स्विचही बघा, हसू येईल पण बघा. गाडी पडली असेल तर चावी ऑफ करून पुन्हा ऑन करा, टिप-ओव्हर सेन्सर असलेल्या गाड्या तोवर चालूच होत नाहीत. सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या दुकानांतून जुना पंप आणून लावण्याच्या मी विरोधात आहे. आरसे, इंडिकेटर, फुटरेस्ट खुशाल आणा. पंप दुसऱ्या गाडीत किती वर्षं रिझर्व्हवर तापलाय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

हे सगळं बरोबर निघालं आणि गाडी थंडच असताना त्रास देत असेल, तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हच्या फटीचं) किती वर्षांपूर्वी झालं ते आठवा. व्हॉल्व्हची फट कमी झाली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं. आणि फट कमी झालेलं इंजिन आवाज करत नाही, उलट गुळगुळीत वाजतं, म्हणून मालक खूश असतो. मोजमाप थंड इंजिनवरच करायचं असतं, तेव्हा गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडून या आणि सकाळी चालू करण्याआधीच फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावायला सांगा.