लोकप्रतिनिधीला जाब विचारताय? या चुका टाळा

ब्रिटिश खासदारांच्या खर्चाचा घोटाळा २००९ साली फुटला. आज त्यातलं लोकांना काय आठवतं? बदकांचं घर. एका खासदाराने आपल्या तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर घेतलं आणि १,६४५ पौंडांचं बिल संसदेकडे लावलं. गंमत म्हणजे ते बिल मंजूरच झालं नव्हतं. पैसा गेला तो भलतीकडेच. खासदारांना ‘दुसऱ्या घरा’चा खर्च संसदेकडून मिळायचा. ते घर कोणतं हे कागदोपत्री सोयीने बदलायचं, आधी एका घराचा खर्च वसूल करायचा, मग दुसऱ्याचा. पण त्यावर व्यंगचित्र निघत नाही. आपणही हेच करतो. चघळायला बरा असा तपशील धरून बसतो आणि मुद्देमाल निसटतो.

दार चुकणं

लोकसभेच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे नैतिकता समितीकडे, नागरिकालाही तक्रार करता येते. मात्र ती थेट पाठवून चालत नाही. लोकसभेच्या एखाद्या सदस्यामार्फत जावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. नुसत्या बातम्यांच्या कात्रणांवर उभी असलेली किंवा न्यायप्रविष्ट प्रकरणातली तक्रार समिती घेत नाही. त्यामुळे शंभर सह्यांचं निवेदन टपालात टाकण्याआधी ती तक्रार पुढे न्यायला तयार असलेला एक खासदार गाठा. राज्यसभेच्या समितीला मात्र कोणीही लिहू शकतो.

सभागृहाने मनावर घेतलं तर वेळ लागत नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतानाचं छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण १२ डिसेंबर २००५ रोजी दाखवलं गेलं आणि २३ डिसेंबरला ११ खासदार घरी गेले. पण बडतर्फी म्हणजे निवडणूकबंदी नव्हे. महुआ मोइत्रांची खासदारकी सभागृहाने डिसेंबर २०२३ मध्ये काढून घेतली, २०२४ मध्ये कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना परत पाठवलं. बरोबर कोण, हा वाद इथे नको.

‘गुन्हा दाखल झाला, आता आमदारकी गेलीच!’

नाही जात. एफआयआरने नाही, आरोपपत्रानेही नाही. काही ठरावीक गुन्हे सोडले तर दोषी ठरून किमान दोन वर्षांची शिक्षा व्हावी लागते. लिली थॉमस खटल्याच्या २०१३ च्या निकालापासून अपात्रता तत्काळ लागू होते, पण वरच्या कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तर पद परतही मिळतं.

‘नोटा’चंही, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाचंही, तसंच. इंदूरमध्ये २०२४ साली ‘नोटा’ला दोन लाखांहून जास्त मतं पडली. विजयी उमेदवार तरीही विजयीच.

प्रतिज्ञापत्राचा फक्त शेवटचा आकडा वाचणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट!’ असा मेसेज फिरतो आणि कुणी नमुना २६, म्हणजे उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं प्रतिज्ञापत्र, उघडूनही बघत नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. मागच्या आणि या निवडणुकीचा, दोन्ही शेजारी ठेवा. जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि अंदाजे चालू बाजारभाव असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. तारीख जुनीच आणि फक्त बाजारभाव वाढला असेल, तर ओरडण्यात अर्थ नाही. मधल्या पाच वर्षांतली खरेदी दिसली, तर त्याच कागदावर पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न आहे, त्याच्याशी ताडून बघा. जोडीदाराचा आणि अवलंबितांचा रकाना सोडू नका. बरेचदा माल तिथेच असतो. आणि खाली, जिथवर वाचताना कंटाळा येतो तिथे, सरकारशी केलेल्या कंत्राटांचा तपशील असतो. उमेदवाराचा, जोडीदाराचा, त्यांची भागीदारी असलेल्या फर्मचाही. हितसंबंध शोधायचे तर तिथे.

खोटं सापडलं तर? खोट्या प्रतिज्ञापत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. निवड रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका लागते. ती पडलेल्या उमेदवारानेच करावी असं नाही, त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. फक्त खटकलेली प्रत्येक गोष्ट त्यात कोंबू नका. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराची निवड एक स्कूटी, एक ओम्नी व्हॅन आणि एक मोटरसायकल दाखवली नाही म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केली होती. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत बहाल केली. गाड्या आधीच दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, आणि किंमत लक्षणीय नसेल तर प्रत्येक चीजवस्तू सांगायलाच हवी असंही नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. म्हणून प्रतिज्ञापत्रं अर्ज भरल्याच्या आठवड्यातच उतरवून घ्या, गुलाल उधळून झाल्यावर नव्हे.