फिल्म स्टडीज करू की फिल्म मेकिंग? बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या पोरापोरींसाठी

आपल्याकडं सिनेमा शिकायचंय म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, लग्नाची शूटिंगं करणार काय गा? त्यांना काय सांगायचं ते नंतर बघू, आधी तुम्हाला स्वतःला काय पाहिजे ते ठरवा, कारण सिनेमाच्या नावाखाली दोन पार वेगळी शिक्षणं आहेत. एकात, म्हणजे प्रॉडक्शनमध्ये (फिल्म मेकिंग), सिनेमा करायला शिकवतात, म्हणजे डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड. दुसऱ्यात, म्हणजे थिअरीत (फिल्म स्टडीज), सिनेमा वाचायला शिकवतात, म्हणजे इतिहास, समीक्षा, समाजाशी त्याचं नातं, आणि तिथं परीक्षा म्हणजे लांबलचक पेपर लिहिणं.

फी भरायच्या आधी घरबसल्या दोन कामं करून बघा. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक मोबाईलवर शूट करा आणि त्याची तीन मिनिटांची फिल्म कापा, निवेदन नाही, गाणं नाही, फक्त तिथला आवाज. मग दुसरं काम, कोल्हापुरात सिनेमा एवढा का रुजला यावर पाच पानं लिहा: बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, तिथूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये काढलेली प्रभात फिल्म कंपनी, आणि ती १९३३ मध्ये पुण्याला का गेली. आता बघा कुठल्या कामात जेवायचं विसरलात. फुटेज दहादा कापताना वैताग येत नसेल तर प्रॉडक्शन, आणि पाच पानांची पंधरा झाली, वर जुन्या मासिकांत शोधावंसं वाटलं तर थिअरी. दोन्ही कंटाळवाणं वाटलं तर तुम्हाला सिनेमा बघायला आवडतो एवढंच आहे, आणि त्यात काय वाईट नाही, त्याला तिकीट पुरतं.

प्रॉडक्शनवाल्यांनी पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, बघायचीच, जुन्या प्रभात स्टुडिओच्याच जागेत १९६० पासून आहे. पण डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंग, साउंड हे तिथले तीन वर्षांचे मोठे कोर्स पदवीनंतरचे आहेत, म्हणजे पीयूसी (अकरावी-बारावी) झाली की लगेच पुण्याला पळायची घाई नको, बेळगावातच कुठलीही डिग्री करा. एक गोष्ट मात्र दहावीनंतरच लक्षात ठेवायची, साउंडला बारावीला फिजिक्स लागतं, त्यामुळं पीयूसीला आर्ट्स घेऊन बसलात तर ते दार बंद. कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट पण त्याच पद्धतीची. दोन्ही केंद्र सरकारच्या, त्यामुळं आपण महाराष्ट्राचे का कर्नाटकचे हे आपलं नेहमीचं भांडण तिथं येत नाही, फक्त जातीचा दाखला लागत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला काढा, राज्याचा चालत नाही आणि राज्यात आणि केंद्रात कॅटेगरी सारखीच असेल असं पण नाही. तहसीलदार ऑफिसला आधीच जावा. बेंगळुरात हेसरघट्ट्याला राज्य सरकारची फिल्म अँड टीव्ही इन्स्टिट्यूट पण आहे, तिथं कॅमेरा आणि साउंडचा डिप्लोमा होतो, कन्नड बोलता येत असेल तर ती सोडू नका, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतं, कबूल करत नाहीत ते वेगळं.

थिअरीला कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात फिल्म स्टडीजचं एमए आहे, दिल्लीला जेएनयूत आर्ट्स अँड एस्थेटिक्समध्ये सिनेमा शिकता येतो. इथं खरी अडचण इंग्रजीची. मराठी मीडियमच्या पोराला सेटवर हिंदीवर निभावता येतं, पण थिअरीचं वाचन सगळं जड इंग्रजीत, आठवड्याला शंभर-शंभर पानं. त्यासाठी डिग्रीच्या तीन वर्षांत रोज थोडं वाचायची सवय लावा, हुशारीचा प्रश्न नाही तो. मनात अजून धाकधूक असेल तर आधी फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघायचा हे शिकवणारा, एखादा छोटा कोर्स करा.

नोकरीचं बोलायचं तर सेटवर डिग्री कोण विचारत नाही, काम दाखव म्हणतात, आणि पहिली काही वर्षं असिस्टंट म्हणून कमी पैशात राबावं लागतं. थिअरीवाल्यांना शिकवायचं असेल तर नेट (प्राध्यापकीसाठीची परीक्षा), पीएचडी, म्हणजे लांबचा पल्ला, शिवाय आर्काइव्ह, फेस्टिव्हल, सबटायटल, समीक्षा असली कामं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येणारा सबटायटलवाला रोज मिळत नाही, हे आपल्या भागातल्या पोरांनी ध्यानात घ्यावं.

प्रायव्हेट कॉलेजात जाणार असाल तर ब्रोशरवरच्या हिरोच्या फोटोकडं बघू नका. मागच्या बॅचच्या फिल्म्स दाखवा म्हणा. कॅमेरे किती, एका कॅमेऱ्यामागं पोरं किती, रात्री एडिटिंग रूम उघडी असते का, आणि डिप्लोमा फिल्मचा, म्हणजे कोर्सच्या शेवटी करायच्या फिल्मचा, खर्च कोण करतो, हे लिहून घ्या, कारण फीच्या बाहेर लोकेशन, कलाकारांचं जेवण, हार्डडिस्क यात घरच्यांचा जीव जातो. सिलॅबस पण मागा. निम्म्याहून जास्त तास लेक्चरचे असतील आणि नाव फिल्म मेकिंगचं असेल तर ते थिअरीपण धड नाही आणि प्रॉडक्शनपण नाही, तिथं ॲडव्हान्स देऊ नका.