कार्ड बंद केलं, देणं तसंच : या चुका टाळा

कात्रीने क्रेडिट कार्डाचे दोन तुकडे केले, ॲप काढून टाकलं, म्हणजे आपण सुटलो, असं समजणारे लोक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतच असतात. खातं तुम्ही बंद करा किंवा थकबाकीपोटी बँक बंद करो; वापरलेले पैसे, त्यावरचं व्याज आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच नावावर राहतो.

शेवटचं बिल भरलं, आता काय उरलं?

व्याज उरलं. मागच्या महिन्यात फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली असेल तर बिनव्याजी मुदत गेलेली असते आणि व्याज रोज चढतं. बिल १० तारखेला निघालं आणि तुम्ही २८ला पूर्ण भरलं, तर मधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येणारच.

नाशिकच्या एका मुलाचं असंच झालं. बिल भरलं, कॉल सेंटरला "कार्ड बंद करा" म्हणाला आणि फोन ठेवून कार्ड कापलं. पुढचं बिल ६४० रुपयांचं, तेही तो कधी उघडत नसलेल्या ईमेलवर. त्यावर लेट फी, फीवर जीएसटी, पुन्हा लेट फी. फ्लॅटचं टोकन देऊन गृहकर्जाला गेला तेव्हा सिबिलमध्ये, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात, थकबाकी दहा हजारांच्या घरात. मी विचारलं, "रिक्वेस्ट नंबर कुठाय?" तर म्हणतो, "काका, त्या मॅडम हो म्हणाल्या होत्या." मॅडमच्या 'हो'ची पावती कुठे मिळते?

रिझर्व्ह बँकेचे निर्देश ग्राहकाच्या बाजूचे आहेत. अर्ज केल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. अट एकच, बाकी शून्य हवी. आणि नेमकी तिथेच घाई नडते. म्हणून मी सांगतो ते असं : वापर थांबवा, कार्डावरचे ऑटो-पे काढा, पूर्ण भरा आणि पुढचं बिल शून्याचं येऊ द्या. मगच ईमेलने अर्ज. खातं बंद झाल्याचं पत्र आणि 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, जपून ठेवा. दीडेक महिन्याने सिबिलचा अहवाल काढून 'क्लोज्ड' दिसतंय का पाहा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एक महिना थांबायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं.

कार्डावर घेतलेल्या खरेदीचे ईएमआय, म्हणजे मासिक हप्ते, चालू असताना कार्ड बंद कराल तर उरलेली रक्कम एकदम भरावी लागते, बहुतेक ठिकाणी वर शुल्कही.

ॲड-ऑन कार्डावर, म्हणजे तुमच्याच खात्यावर घरच्यांना दिलेल्या जादा कार्डावर, मुलाने उडवलेले पैसेही मूळ कार्डधारकानेच भरायचे.

राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे

बँक वहीतून कर्ज 'राइट-ऑफ' करते तो तिचा हिशेब. वसुलीचा हक्क तिच्याकडेच राहतो, कधी ती तो दुसऱ्या कंपनीला विकतेही. अशा कंपनीचा फोन आला तर आधी कर्ज हस्तांतराचं पत्र मागा. पैसे एजंटाच्या यूपीआयवर टाकू नका, मग तो कितीही गोड बोलो.

"तीन वर्षं फोन उचलू नका, मुदत संपते" हा रीलवाल्यांचा सल्ला ऐकून तर माझं डोकंच फिरतं. मुदत कायद्याची तीन वर्षं दाव्यासाठी आहेत. मधे देणं सही करून मान्य केलंत, तर ती पुन्हा नव्याने सुरू होतात. आणि दाव्याची मुदत संपली तरी सिबिलमधला डाग त्याबरोबर पुसला जात नाही.

सेटलमेंट, म्हणजे बँकेशी बोलून कमी रकमेत देणं मिटवणं, हीही सवलतीची खरेदी समजू नका. अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा कर्ज देणारा तो वाचतो. अगदीच इलाज नसेल तर करा, पण रक्कम आणि तारीख लिहिलेलं बँकेचं पत्र हातात आल्यावरच पैसे द्या.

कार्डधारक वारला तर वारसांना देणं लागतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. तेराव्याच्या आत एजंट दारात आला म्हणून घाबरून स्वतःच्या पगारातून भरत बसू नका, आणि कसल्याही हमीवर सही करू नका.

पूर्ण भरूनही बँक ऐकत नसेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. फक्त बँकेला लेखी तक्रार केल्याचा तो ईमेल लागतो, जो बहुतेकांनी पाठवलेलाच नसतो.