बास गिटारचा हम: तो कुठून शिरतो हे आधी शोधावे

तारेला हातही लावलेला नसताना अ‍ॅम्प्लिफायरमधून जो जाड, एकसुरी घूंकार येत राहतो, त्याला वादक आणि साउंडवाले 'हम' म्हणतात. ही तक्रार सुरू झाली की बहुतेक जण आधी नवी केबल आणतात, तिने भागले नाही तर पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा चुंबक आणि कॉइलचा भाग) बदलायला निघतात आणि शेवटी अ‍ॅम्प विकायची भाषा करतात. हम नेमका कोणत्या टप्प्यावर शिरतो हे कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नये आणि काहीही उघडू नये, असा माझा आग्रह आहे. हा शोध अर्ध्या-पाऊण तासात पुरा होतो आणि त्यासाठी खात्रीची एक जादा केबल, साधा मल्टिमीटर आणि आपले कान एवढेच लागते.

सुरुवात कानांपासून करावी. आपल्याकडचा वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असल्यामुळे हमचा मूळ सूर ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. या दोन्ही सुरांची मापे बासवरच आहेत. नेहमीच्या स्वरमेळात लावलेल्या ई तारेवरचा तिसरा पडदा ४९ हर्ट्झचा सूर देतो आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झचा. येणारा हम तिसऱ्या पडद्याच्या सुराहून किंचित चढा लागत असेल, तर तो बहुधा बाहेरून, म्हणजे केबल, पिकअप किंवा अर्थिंगच्या वाटेने शिरलेला असतो. तो मोकळ्या जी तारेच्या जवळ असेल, तर अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्यातल्या रेक्टिफायरवर (एसीची डीसी करणारा भाग) आणि फिल्टर कपॅसिटरवर (ती डीसी सपाट करणारा भाग) संशय घ्यावा. सुराऐवजी करकरीत, झणझणीत आवाज येत असेल, तर दिव्यांचे डिमर, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट किंवा चार्जर जवळपास चालू आहे का ते पाहावे. अर्थात सरावाच्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर ५० हर्ट्झ नीट उमटवू शकत नाही आणि मग वरचे संवादी सूरच ठळक ऐकू येतात, म्हणून कानाचा निष्कर्ष ही केवळ दिशा समजावी. अमेरिकी मार्गदर्शक व्हिडिओंत ६० हर्ट्झच्या हमची चर्चा असते, त्यामुळे तिथले स्वर आपल्या घरी जुळत नाहीत.

यानंतर बास, केबल आणि अ‍ॅम्प ही साखळी अ‍ॅम्पच्या टोकाकडून तपासत यावी. अ‍ॅम्पच्या इनपुटमधली पिन काढून टाकावी. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये पिन निघताच इनपुट आतल्या आत ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडले जाते, म्हणून या स्थितीत अ‍ॅम्प जवळजवळ शांत असायला हवा. तरीही हम येत असेल, तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या वीजजोडणीत आहे. मग व्हॉल्यूमची कळ शून्यावर न्यावी. हम तेवढाच राहिला, तर तो त्या कळीच्या पुढे, म्हणजे पॉवर विभागात आहे. कमी झाला, तर त्याआधीच्या, क्षीण सिग्नल पहिल्यांदा वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्प विभागात. जुन्या अ‍ॅम्पमध्ये वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळलेले फिल्टर कपॅसिटर हे याचे नेहमीचे कारण असते. मात्र हे काम जाणकार दुरुस्तीवाल्याचेच आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्टचा भार धरून ठेवू शकतात, म्हणून अनुभव नसेल तर त्याच्या पेटीचा स्क्रूसुद्धा ढिला करू नये.

अ‍ॅम्प निर्दोष ठरला की केबलकडे वळावे. येथे एक गैरसमज टाळायला हवा. केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवून अ‍ॅम्प चालू केला तर मोठा हम येणारच, कारण मोकळे टोक अँटेनासारखे वागते. त्यावरून केबल खराब ठरवू नये. केबल बासला जोडून बासचा व्हॉल्यूम पूर्ण बंद करावा. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या धर्तीच्या, एकाच व्हॉल्यूमच्या पॅसिव्ह (आत बॅटरीवरचे सर्किट नसलेल्या) बासमध्ये त्यामुळे सिग्नलची तार थेट ग्राउंडला टेकते, म्हणून आता आवाज आला तर दोष केबलमध्ये किंवा जॅकमध्ये (केबलची पिन जिथे बसते त्या खाचेत) आहे. दोन व्हॉल्यूम असलेल्या जॅझ धर्तीच्या बासची अंतर्गत जोडणी निराळी असल्यामुळे ही कसोटी तिथे तितकी निर्णायक नसते. तिथे खात्रीची दुसरी केबल लावूनच तुलना करावी. स्पीकरची केबल आणि वाद्याची केबल बाहेरून सारखीच दिसते आणि दोन्हींना त्याच पिना असतात, पण स्पीकरच्या केबलला आतून जाळीचे आवरण नसते. घाईत ती बासला लावली गेली की हम आलाच.

आता बासची पाळी. व्हॉल्यूम पूर्ण उघडून तारांवर हात ठेवावा आणि काढावा. हात ठेवल्यावर हम कमी होत असेल, तर ग्राउंडची जोडणी ठीक आहे, फक्त आतले शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा हम अडवणारे धातूचे आवरण, अपुरे आहे. आपले शरीर भोवतालचा हम गोळा करते, आणि तारेला हात लागताच तेही ग्राउंडला जोडले जाते, म्हणून हा फरक पडतो. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर हम थांबतो, असे दिसले तर ब्रिजखालून (बासवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या धातूच्या भागाखालून) येणारी ग्राउंडची तार तुटली किंवा निसटली आहे. आणि तारांना हात लावल्यावर हम उलट वाढत असेल, तर जॅकवरची सिग्नलची आणि ग्राउंडची तार अदलाबदल झालेली असण्याची दाट शक्यता असते. कुणी नुकताच जॅक बदलून दिला असेल, तर पहिला संशय हाच घ्यावा. यांतल्या बऱ्याच शंका मल्टिमीटरने लगेच फिटतात. केबल काढून मीटरची एक सुई ब्रिजवर आणि दुसरी जॅकच्या बाहेरच्या धातूवर टेकवली, तर रोध एखाद्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवा.

हात लावून फरक पडत नाही, पण वाद्य फिरवल्यावर पडतो, असे असेल तर प्रश्न चुंबकीय क्षेत्राचा आहे. बास गळ्यात अडकवून जागेवरच हळूहळू गोल फिरावे. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा होतो आणि काटकोनात वळताच पुन्हा उसळतो. हा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा स्वभाव आहे आणि अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर हा त्याचा सर्वांत जवळचा उगम असतो, म्हणून अ‍ॅम्पपासून मीटर-दीड मीटर दूर सरकणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय आहे. फेंडरने १९५७मध्ये प्रिसिजन बासला दोन भागांत विभागलेला पिकअप दिला. त्याच्या दोन अर्ध्यांत शिरणारा हम परस्परविरुद्ध असल्यामुळे तो वजा होतो. १९६०मध्ये आलेल्या जॅझ बासच्या धर्तीवरच्या बहुतेक वाद्यांत दोन सिंगल कॉइल एकमेकांच्या उलट गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना हम कमी असतो आणि एक जरा कमी केला की तो परततो. यात वाद्याचा दोष नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे कित्येक चांगले जॅझ बास विनाकारण दुरुस्तीला जातात.

शिल्डिंगबद्दलही हा फरक ध्यानात ठेवावा. बासमधल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावल्याने विद्युत क्षेत्राचा, म्हणजे हात लावल्यावर कमी होणारा हम आटोक्यात येतो. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ती अडवत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही पट्टी शोधताना तिचा गोंदही वीजवाहक आहे ना, हे विचारून घ्यावे. नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्यावा, पोकळीतले आणि झाकणाचे शिल्ड दोन्ही ग्राउंडला जोडावे आणि सिग्नलची टोके त्या तांब्याला टेकणार नाहीत अशी झाकावी.

इफेक्ट पेडल वापरत असाल, तर ती सगळी काढून बास थेट अ‍ॅम्पला लावावा. हम गेला तर एकेक पेडल परत जोडत जावे. एकाच स्वस्त अडॅप्टरवरून अनेक पेडलना वीज देणारी साखळी हे येथले नेहमीचे कारण असते. संशयित पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहिले की निकाल लागतो.

उरते ते अर्थिंग, आणि येथे मी वाचकाला थोडे थांबवू इच्छितो, कारण बाकीच्या दोषांनी फक्त आवाज बिघडतो, पण येथे जीव जाऊ शकतो. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन अर्थची असते. ती काढून टाकली किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावला की काही वेळा हम थांबतो, म्हणून हा 'उपाय' आजही सर्रास सांगितला जातो. एका गणेशोत्सवात मंचावर मलाही तो सुचवला गेला होता. प्रत्यक्षात दोष दिव्यांच्या डिमरचा निघाला. ध्वनियंत्रणा दुसऱ्या फेजवर नेताच करकर थांबली. अर्थ काढलेल्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर बासच्या तारांवर विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) येऊ शकतो, आणि त्या तारा धरून मायक्रोफोनला ओठ लागला की वीज शरीरातूनच वाट काढते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मे १९७२मध्ये स्वान्सी येथे मंचावरच अर्थिंग सदोष असलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला.

खोलीतले अर्थिंग तपासून घेताना फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या वाड्यांत आणि चाळींत कधी कधी अर्थची तारच नसते, तर कुठे ती सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून दिलेली असते. विजेची मोठी उपकरणे चालू असतानाही न्यूट्रल आणि अर्थमधला दाब अगदी शून्य दिसला, तर ही धोकादायक जोडणी आहे का ते पाहायला लावावे. हे मोजमाप सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्यावे. लॅपटॉप किंवा अ‍ॅम्पच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थ नसल्याची ती खूण आहे.

अर्थिंग चोख असूनही हम येतो, तेव्हा बहुधा ग्राउंड लूप असतो. अ‍ॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दूरच्या दुसऱ्या सॉकेटवर आणि दोघांना जोडणारी केबल, अशी रचना झाली की अर्थच्या दोन वाटांचे कडे तयार होते आणि त्यातला प्रवाह केबलच्या जाळीतून वाहू लागतो. शक्य तिथे दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून घ्यावीत. ते जमत नसेल, तर डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीवरचा) ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबावा. त्याने सिग्नलच्या केबलची जाळी तुटते, विजेचा अर्थ शाबूत राहतो. घरी रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपचा चार्जर काढताच हम थांबत असेल, तर तेवढ्यापुरते बॅटरीवर काम करावे, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावावा.

इतके सगळे करूनही फिरल्यावर बदलणारा हम शिल्लक असेल, तरच नव्या पिकअपवर खर्च करावा, आणि तेव्हा सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारे, आत हम वजा करणारी दुसरी कॉइल असलेले पिकअप मागावे, म्हणजे वाद्याचे लाकूड कोरावे लागत नाही.