लहान देशाचं जपून लिहिलेलं निवेदन कसं वाचायचं

राजारामपुरीत संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. कुठल्या तरी देशात पेटतं, एखादा लहान देश चार ओळींचं निवेदन काढतो आणि मुलं म्हणतात, "सर, हे काय बुळबुळीत! सरळ बोला की." कोल्हापूरच्या माणसाला रोखठोक बोलणं आवडतं, त्यामुळं ही तक्रार मला कळते. पण या चार ओळी वाचायची एक रीत आहे. ती अंगवळणी पाडून घ्या.

आधी देश केवढा आणि त्याचं काय कुठं अडकलंय ते बघा. सिंगापूर घ्या. क्षेत्रफळ सुमारे ७३० चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५, म्हणजे त्याच्या दसपट. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर मलेशियाच्या जोहोरमधून पाणी घेतं, आणि तो करार २०६१ पर्यंतच आहे. दुसऱ्याच्या कारभारात कुणी ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व अशा देशाला स्वतःच्या जिवासाठी हवं असतं. त्यात पैसाही धरा. २०२१ साली म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तेव्हा तिथल्या परकीय गुंतवणूकदारांत सिंगापूर आघाडीवर होतं.

आता पेन्सिल घ्या. १ फेब्रुवारी २०२१ चं सिंगापूरचं निवेदन समोर ठेवा. तीव्र चिंता, सर्व संबंधितांनी संयम पाळावा, संवाद ठेवावा, म्यानमार आमचा जवळचा मित्र. या शब्दांखाली रेघ मारा. मग समासात लिहा की काय नाही. 'उठाव' हा शब्द नाही. दोष कुणाचा, तेही नाही.

इथंच थांबलात तर निवेदन बुळबुळीतच वाटेल. त्याच दिवशी इतर शेजारी काय बोलले ते शेजारी मांडा. थायलंड, कंबोडिया आणि फिलिपिन्सचा पहिला सूर एकच होता: ही म्यानमारची अंतर्गत बाब. त्यांच्या शेजारी ठेवल्यावर सिंगापूरच्या 'तीव्र चिंते'चं वजन कळतं. चिंता वाटते म्हणणारा देश, हे फक्त तुमच्या घरातलं नाही, असंही सांगत असतो. एकटं निवेदन कधीच वाचू नका.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना द्या. वहीत एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला शब्द. २० फेब्रुवारीला मंडालेत आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतरच्या सिंगापूरच्या निवेदनात भाषा बदलली: नि:शस्त्र नागरिकांवर प्राणघातक शस्त्रं वापरणं कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. मार्चच्या सुरुवातीला पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी बीबीसीच्या मुलाखतीत, असं बळ वापरणं मान्यच होऊ शकत नाही, असं सांगितलं. महिन्याभरात मंत्रालयाच्या कागदावरून बोलणं पंतप्रधानांच्या तोंडी आलं. कोण बोललं, हीसुद्धा एक पायरी असते, तीही नोंदवा. मला स्वतःला २० फेब्रुवारीचं ते वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण त्यात 'सर्व संबंधित' मागे पडतात आणि गोळी झाडणारा नेमका पुढं येतो.

पण जपून बोलणं म्हणजे योग्यच बोलणं, असं समजू नका. परराष्ट्रमंत्री विवियन बालकृष्णन यांनी फेब्रुवारीतच संसदेत सरसकट निर्बंधांना विरोध केला. त्याची झळ सामान्य माणसाला बसेल, हे त्यांचं कारण. कारण खरं आहे. तरी गुंतवणुकीची जी गोष्ट आपण आधी पाहिली, ती या वाक्याशेजारी लिहून ठेवाच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि उत्तरपत्रिकेत दोन्ही आल्या पाहिजेत.

शेवटी मत कुठं पडलं ते तपासा. १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरचा ठराव ११९ विरुद्ध १ असा मंजूर झाला. विरोधात एकटा बेलारूस, ३६ देश तटस्थ. सिंगापूरनं बाजूनं मत दिलं. ब्रुनेई, कंबोडिया, लाओस, थायलंड तटस्थ राहिले. भारतही तटस्थ राहिला, हे आपल्या मुलांच्या उत्तरातून हमखास गळतं.

आता एक निवेदन स्वतः सोडवा. जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेत लोक रस्त्यावर आले, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे मालदीवमार्गे सिंगापूरला पोचले. सिंगापूरच्या परराष्ट्र मंत्रालयानं पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तर दिलं, त्याचा आशय असा: त्यांना खासगी भेटीसाठी प्रवेश दिला आहे. त्यांनी आश्रय मागितलेला नाही, दिलेलाही नाही. सिंगापूर सहसा आश्रयाच्या विनंत्या मान्य करत नाही.

आंदोलनाबद्दल यात अक्षर नाही. 'खासगी' कुणासाठी लिहिलं, 'सहसा' कुणासाठी, याची दोन-दोन वाक्यांत उत्तरं लिहा. लिहिताना एवढं जवळ ठेवा: त्यांनी राजीनामा सिंगापूरहून ईमेलनं पाठवला, ११ ऑगस्टला ते थायलंडला गेले, आणि २ सप्टेंबरला कोलंबोत परतले.