कॅन्सरच्या ओपीडीला जाताना: सीमाभागातल्या घरांसाठी

कॅन्सरच्या ओपीडीत सकाळपासून बाकड्यावर बसलेल्या माणसाला डॉक्टरांसमोर मिळतात ती मोजकी मिनिटं. बेळगाव असो, हुबळी असो की कोल्हापूर-मिरज, चित्र सारखंच. ती मिनिटं वाया गेली की पेशंट रडवेला होऊन बाहेर येतो आणि आत डॉक्टर वैतागलेला असतो, कारण पुढच्या नंबरालाही तेच होणार हे त्याला ठाऊक असतं. कॅन्सरवरचे लेख आहार आणि सकारात्मक विचार यांवर भरभरून बोलतात. मला मात्र वाटतं, दोघांचाही निम्मा ताण त्या खोलीतच वाढतो किंवा हलका होतो. आणि त्याची तयारी घरी बसून करता येते.

१. आधी एक वही करा

शाळेची साधी वही चालेल. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, रिपोर्टमध्ये लिहिलंय तसंच आजाराचं नाव, बीपी-शुगरच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्या दोघांचे फोन नंबर. पुढच्या पानांवर तारीख टाकून रोजच्या दोन ओळी: जेवण किती गेलं, उलटी, पोट साफ झालं का, झोप, आणि दुखणं दहापैकी किती. आठवड्यातून एकदा वजन, तेही एकाच काट्यावर. ‘लई त्रास होतोय डॉक्टर’ यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘मंगळवारपासून गिळताना दुखतंय, दहापैकी सात, वजन दोन किलो उतरलं’ म्हटलं की औषध तिथल्या तिथं बदलता येतं.

शेवटच्या पानावर प्रश्न लिहा. पंधरा सुचतील, त्यातल्या तीन महत्त्वाच्यांवर खूण करा आणि तेच आधी विचारा.

झाडपाला, काढा, कुणी पाहुण्यानं आणून दिलेली पुडी, हेही वहीत लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून घरोघरी हे लपवलं जातं. रागावले तर रागावू देत. काही वनस्पतींचा भार लिव्हरवर पडतो, काहींमुळं केमोच्या औषधाचा असर कमी-जास्त होतो, आणि रक्ताचा रिपोर्ट अचानक का बिघडला हे शोधण्यात डॉक्टरांचा आठवडा जातो.

२. तापाचा नियम पाठ करा

पेशंट केमोवर असेल तर घरात थर्मामीटर हवाच. साधारणपणे केमोनंतर ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. या काळात ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर ती इमर्जन्सी समजा, माणूस हिंडता-फिरता असला तरी. आपल्या मनानं तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघत बसू नका. गोळीनं ताप झाकतो, इन्फेक्शन आत वाढत राहतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावात रात्री गाडी मिळणं कठीण, म्हणून कुणाची गाडी काढायची हे केमो सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवा. रात्री कोणत्या नंबरावर फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

३. सोबत कोण जाणार, ते ठरवा

घरातले पाच जण खोलीत शिरले की पाचही जण बोलतात आणि पेशंट गप्प बसतो. आत दोघंच: पेशंट आणि वही सांभाळणारा एक जण. दर वेळी शक्यतो तोच. काका, मावशी, मुंबईचा भाऊ यांना जे काही विचारायचं असेल ते त्याच्याकडून वहीत लिहून जाऊ दे. एकाच पेशंटबद्दल चार नातेवाइकांना चारदा तेच सांगावं लागणं, याला डॉक्टर मंडळी किती कंटाळतात ते कुठल्याही रेसिडेंटला, म्हणजे पुढचं शिक्षण घेत वॉर्डात ड्युटी करणाऱ्या डॉक्टरला, विचारा.

आपल्याकडं भाषेची एक गाठ जास्त आहे. सीनियर डॉक्टरांना मराठी बहुधा कळतं. पण नवा रेसिडेंट विजयपूरचा, कलबुर्गीचा किंवा केरळचाही असू शकतो. घरात कुणाला बरं कन्नड येत असेल तर सोबतीला तोच न्या. नसेल तर दुखण्याला नोवु, जेवणाला ऊट, तापाला ज्वर एवढं तरी लिहून ठेवा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असलं तर ‘मराठीत समजावून सांगा, मग सही करतो’ असं शांतपणे म्हणा. यात भांडण्यासारखं काही नाही. सीमावादाचा राग ओपीडीत काढू नये. समोरच्या पोरानं कदाचित रात्रभर ड्युटी केलेली असते.

४. आत गेल्यावर

सगळ्यांत जास्त त्रास देणारी गोष्ट पहिल्यांदा सांगा, उठता उठता नको. उपचार ठरत असताना एक प्रश्न विचाराच: हा उपचार आजार बरा होण्यासाठी आहे, की आटोक्यात ठेवून त्रास कमी करण्यासाठी? बरीच घरं हे विचारत नाहीत आणि शेत गहाण टाकल्यावर त्यांना उत्तर कळतं. बोलणं झालं की आपल्याला जे समजलं ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना म्हणून दाखवा.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन ठरलं असेल तर सुरू होण्याआधी दातांची तपासणी झाली का, तेही विचारा. रेडिएशननंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो.

५. ‘आईला सांगू नका हं, डॉक्टर’

हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर रोज पडतं, आणि त्यांची सगळ्यांत जास्त पंचाईतही यानंच होते. आई मात्र कॅन्सरच्या वॉर्डात बसलेली असते, शेजारच्या बाईच्या डोक्यावरचे केस गेलेले बघते, आणि तिला सगळं उमगतं. मग आई लेकरांसाठी नाटक करते, लेकरं आईसाठी, आणि डॉक्टर दोघांसाठी. तिला भीती कसली वाटते, पैसे कुणाला द्यायचे आहेत, नातीचं लग्न बघायचंय का, हे बोलायला कुणीच उरत नाही.

सगळं एकदम तोंडावर आदळा, असं मी म्हणत नाही. तिला विचारा, ‘आई, डॉक्टर काय म्हणतात ते तुला सगळं ऐकायचंय, की मी बघू?’ ‘तूच बघ बाबा’ म्हणाली तर तोही तिचाच निर्णय. ‘सांग’ म्हणाली तर डॉक्टरांना भेटीआधी तसं कळवा आणि त्यांच्यासमोरच बोलणं होऊ द्या.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू शेतात आहे, बिडीच्या रूपानं घरात आहे आणि गालातही आहे. तिथं ‘तुझ्या तंबाखूनंच केलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं चालतं. ते बंद करा. पण तंबाखू आता सोडून काय उपयोग, असंही म्हणू नका: निदान झाल्यावर सोडली तरी जखमा भरायला आणि रेडिएशन लागू पडायला मदत होते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत नंबर आहे.

६. कागद आणि पैसे

बायोप्सीचे स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) कुठल्या लॅबमध्ये आहेत ते वहीत लिहा. मुंबईच्या टाटा मेमोरियलला किंवा बेंगळुरूच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलला दुसरं मत घ्यायला गेलात तर ते मागतात. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्क्यांची मदत, वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, ते आधी घ्या. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. आपलं गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतात, हे त्या योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भरती व्हायच्या आधी विचारा. आधी बिल भरून मागाहून योजना लावू, हा हिशेब बहुधा फसतो.

उपचारासाठी रेल्वेनं जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हॉस्पिटलातून घ्या. शक्ती योजनेतला बायकांचा मोफत बसप्रवास कर्नाटकाच्या हद्दीपुरता; कोल्हापूर-मिरजेला जायचं तर तिकिटाचे पैसे काढून ठेवा.

७. दुखणं आणि मन

मॉर्फिन म्हणजे शेवट, ही समजूत काढून टाका. ते वेदनेचं औषध आहे. सांगितल्या वेळेला घ्यायचं, सोबत बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्यायचं. झोप उडाली, सारखं रडू येतंय, जगण्यात राम वाटत नाही, असं झालं तर तेही वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेनं फोन केला तरी चालतो.

८. डॉक्टरांसाठी थोडं

टेली-मानसचा नंबर तुमच्यासाठीही आहे. महिन्यात किती पेशंट गेले ते मोजत घरी जाणं आणि सकाळी परत हसतमुखानं ओपीडीत बसणं, हे एकट्यानं पेलण्याचं काम नव्हे. ओळखीचा पेशंट गेला की नर्स, रेसिडेंट आणि वॉर्डबॉय यांच्यासोबत चहाला थांबून त्याच्याबद्दल बोला. वाईट बातमी उभ्या उभ्या सांगू नका. खुर्चीवर बसा, पेशंटला काय माहीत आहे आणि किती ऐकायचंय ते आधी विचारा. त्यात वेळ जातो, पण पुढची भांडणं वाचतात. आणि ओपीडीच्या दारावर मराठी-कन्नड दोन्हीत एक कागद लावा: ताप आला तर कुठल्या नंबरावर फोन करायचा, आत किती जणांनी यायचं, कुठले रिपोर्ट हातात ठेवायचे, आणि आरोग्यमित्र कुठल्या खिडकीवर बसतो.