आग्नेय आशियात चार-पाच महिने फिरायला निघताय? या चुका टाळा

पासपोर्टची मुदत संपायला अजून नऊ महिने आहेत, मग काळजी कसली, असं म्हणून लोक पाच महिन्यांच्या सफरीची तिकिटं काढून मोकळे होतात. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि शेवटी बाली असा बेत असेल, तर हा हिशेब नेमका शेवटी फसतो. पासपोर्टची निदान सहा महिने मुदत उरलेली हवी ही इंडोनेशियाची अट तुम्ही तिथे पाऊल ठेवता त्या दिवसापासून मोजली जाते, मुंबईहून निघालात त्या दिवसापासून नाही. चार महिने फिरून झाल्यावर तुमच्याकडे उरलेले असतात पाच. मग अडवाअडवी बालीत होत नाही, आधीच्याच विमानतळावर चेक-इन काउंटरला होते. प्रवाशाला परत आणायचा भुर्दंड विमान कंपनीवर पडत असल्यामुळे तिथे कुणी दयामाया दाखवत नाही. नवा पासपोर्ट काढणारच असाल तर ३६ ऐवजी ६० पानी घ्या. स्टिकर व्हिसा एकेक अख्खं पान खातो.

याच काउंटरवर दुसरा प्रश्न येतो तो पुढच्या तिकिटाचा. एकेरी तिकीट काढून निघालेल्याला ‘तिथून बाहेर कधी पडणार?’ असं विचारतातच. ‘बघू, बसने जाईन लाओसला’ हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही. रद्द करता येणारं किंवा अगदी स्वस्तातलं पुढचं तिकीट हाताशी ठेवा.

नावाचा घोळ

आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं (किंवा नवऱ्याचं) नाव एकाच रकान्यात असतं. फॉर्म भरताना मधलं नाव गाळायची आपली सवय. व्हिएतनामच्या ई-व्हिसाला ती भोवते. पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांतलं नाव जसंच्या तसं उतरवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. चुकलं तर पैसे परत नाहीत, नव्याने अर्ज. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट उकळतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. आणखी एक गोष्ट: ई-व्हिसा सीमेवरच्या प्रत्येक नाक्यावर चालत नाही. लाओसमधून डोंगरातल्या एखाद्या नाक्याने बसने जायचं ठरवलं असेल, तर ते नाव यादीत आहे ना, हे अर्जाआधी बघा.

दिवस मोजतानाही गफलत होते. इंडोनेशियाच्या व्हिसाचे ३० दिवस म्हणजे महिना नव्हे, आणि उतरलात तो दिवस पहिला धरतात. जास्त राहिलात तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड, म्हणजे आपले पाच हजारांच्या आसपास. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाथ.

पैसे आहेत, ओटीपी नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि सगळ्यात कमी तयारीही याचीच असते. सॅक कुठली घ्यायची यावर दोन-दोन महिने चर्चा करणारे बँकेचं ॲप एकदा उघडून बघत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० नंतर दिलेल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. ते ॲपमधून चालू करा. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशी तीन वेगळी बटणं असतात, तिन्ही बघा.

दुसरं म्हणजे सिम. बँकॉकला उतरल्यावर स्थानिक सिम घालून आपलं सिम पाकिटात टाकलं की ओटीपी बंद. आपलं सिम फोनमध्येच राहू द्या, रोमिंग चालू, डेटा रोमिंग मात्र बंद. इंटरनेटसाठी ई-सिम (चिप न घालता फोनमध्ये उतरवता येणारं सिम) घ्या. पाच महिने पुरेल असं रिचार्ज निघण्याआधीच मारा. एवढं करूनही ओटीपी येत नसेल, तर नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वरून काढून हाताने दुसरी कंपनी निवडा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. फोन हरवला तर खरी पंचाईत: नव्या फोनवर यूपीआय चालू करायला त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो, आणि बदली सिम तिकडे मिळत नाही. म्हणून दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, दोन वेगळ्या जागी ठेवा.

एटीएमने ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर कायम महाग असतो.

स्कूटर

आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना असला की झालं, हा समज व्हिएतनामपुरता सोडून द्या. आपल्याला मिळतो तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार, तिथे लागतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. उत्तर व्हिएतनाममधल्या हा-ज्यांगच्या घाटात भाड्याची गाडी सगळेच पळवतात. पण पडलात की विमा कंपनी आधी परवाना मागते. मागे बसून जा, ड्रायव्हरसकट गाडी मिळते. विमा घेतानाही एका प्रवासाची कमाल दिवसमर्यादा वाचा, आणि तो भारतातून निघण्याआधीच घ्या.

औषधं, फराळ, सॅक

बालीत २००८ पासून रेबीज आहे, आणि माकडं तर हातातला चष्मा ओढतात. प्रतिबंधक लस आधी घेतलेली असेल तर चावल्यावर पुन्हा इंजेक्शनं लागतातच, पण इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, जे छोट्या बेटावर मिळेलच असं नाही. औषधांची चिठ्ठी मूळ घटकांच्या नावांसह घ्या.

घरून बांधून दिलेल्या फराळात अनारसे असतील तर सिंगापूर किंवा दुबईमार्गे नेऊ नका. खसखस दोन्हीकडे बंदी असलेल्या मालात मोडते.

सॅकबद्दल थोडक्यात: राजगड-तोरण्याची ६० लिटरची सॅक इथे नको, ४० लिटर पुरते. बऱ्याच स्वस्त विमानांत हातातल्या सामानाला सात किलोच चालतात. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत.

पासपोर्टच हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे मिळणारं तातडीचं प्रमाणपत्र फक्त भारतात परतायला चालतं. पुढे फिरायचं तर नवा पासपोर्ट निघेपर्यंत मुक्काम. परतायचं ठरवलं तरी त्या देशाच्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याचा परवाना घ्यावा लागतो, तेव्हा तो हाती येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.